गावकीची मिटवामिटव आणि पीडिताचा हक्काचा पैसा

(खारेपाटातील एका गावी शेतकरी, कोळी व कारागीर मंडळींच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आज आम्हांस जो विषय दिला आहे तो ऐकावयास रूक्ष आहे. पोलिसखात्याला सरकारकडून पैसा कसा मिळतो, आणि गुन्ह्याने ज्याच्या संसाराची वाताहत झाली त्याला सरकार काय देते, हा तो विषय. भजनाला जेवढी गर्दी होते तेवढी अशा विषयाला होत नाही. तरी भाताची झोडणी टाकून तुम्ही आलात, बायाबापड्याही पुढे येऊन बसल्या, याचा आम्हांस आनंद वाटतो. कारण हा पैसा तुमचा आहे, आणि आपला पैसा कोठे जातो हे ज्याला ठाऊक नाही त्याला दुसरा कोणीही सहज लुबाडतो.

सरकारचा खजिना म्हणजे कोणा शेटजीची पेढी नव्हे. तुम्ही साबणाची वडी घेता, चहाची पुडी घेता, पोराला चपला घेता, ट्रॅक्टरात डिझेल भरता, त्या प्रत्येक खरेदीत कर देता. कर भरताना तुमची जात कोणी विचारीत नाही. परंतु पैसा परत येण्याची वेळ आली म्हणजे तो वाट चुकतो. जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले त्यातले गाऱ्हाणे हेच होते. महसूल रयतेच्या घामातून गोळा होतो आणि त्याचा लाभ वरचे वर्ग घेतात, असे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. ते गाऱ्हाणे शिक्षणाविषयी होते. आज आम्ही तोच हिशेब रक्षणाविषयी व न्यायाविषयी मांडणार आहोत.

या कामी सरकारच्या दोन थैल्या आहेत. एक थैली पोलिसांची, दुसरी पीडितांची.

पहिल्या थैलीविषयी थोडक्यात सांगतो. राज्यांच्या पोलिसदलांना गाड्या, हत्यारे, बिनतारी यंत्रे, इमारती मिळाव्यात म्हणून केंद्र सरकारची पोलिसदल आधुनिकीकरणाची योजना 1969-70 पासून चालू आहे. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राने या योजनेसाठी 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांकरिता 26,275 कोटी रुपये मंजूर केले. रक्कम एवढी मोठी आहे की आपल्या बोटांवर ती मोजता येणार नाही.

आपल्या किनाऱ्याचा याच्याशी फार जवळचा संबंध आहे. 1993 सालच्या आरंभी आपल्या श्रीवर्धन तालुक्यात दिघी व शेखाडी येथे रात्रीच्या अंधारात शस्त्रे व स्फोटके उतरली. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत बॉम्ब फुटले आणि 257 माणसे मेली. माल उतरला तेव्हा किनाऱ्यावर पोलिस नव्हते काय? कस्टम नव्हते काय? दोन्ही होते, आणि दोघांचेही पगार तुमच्या करातून चालू होते. परंतु काही अंमलदारांनी पैसे खाऊन माल जाऊ दिला, हे पुढे कोर्टात शाबीत झाले व त्यांना शिक्षाही झाल्या. मुंबईत जे मेले त्यांत गाडीवाले होते, हमाल होते, कारकून होते, वाटसरू होते.

त्यानंतर 2005-06 पासून केंद्राने किनारा सुरक्षेची योजना काढली. पहिल्या टप्प्यात देशभर 73 सागरी पोलिस ठाणी मंजूर झाली व गस्तीसाठी बोटी दिल्या. 2008 च्या नोव्हेंबरात पुन्हा समुद्रातूनच मारेकरी मुंबईत आले, तेव्हा दुसरा टप्पा 2011 पासून सुरू झाला. मांडव्याला व दिघीला सागरी ठाणी आहेत, ती तुम्ही पाहिलीच असतील. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वराच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-47 बंदुका निघाल्या. ती बोट ओमानच्या बाजूने वाहत आली होती, घातपाताचा तो प्रकार नव्हता, हे नंतर कळले. परंतु एवढी बोट काठाला लागेपर्यंत ती कोणाच्या ध्यानात आली नाही, हे खरे.

यावरून आम्ही असे म्हणत नाही की पोलिसांना पैसा देऊ नये. फाटक्या जाळ्याने मासे धरता येत नाहीत, तसे मोडक्या बोटीने गस्त घालता येत नाही. गरीब शिपायाला भरतीओहोटीला उभे राहावे लागते, तोही आपल्यासारख्याच घरातला मुलगा आहे. आमचे म्हणणे एवढेच की पैशाने बोट विकत मिळते, इमान विकत मिळत नाही. आणि इमान टिकते ते लोकांच्या नजरेने. ज्या ठाण्याला विचारणारा कोणी नाही तेथे अनुदान कितीही ओता, ते खाजणातल्या पाण्यासारखे ओहोटीबरोबर निघून जाते.

याचा दुसरा दाखला घ्या. दिल्लीतील त्या अभागी मुलीवर डिसेंबर 2012 मध्ये अत्याचार झाला, त्यानंतर 2013 साली केंद्राने 1000 कोटी रुपये घालून निर्भया निधी काढला. बायकांच्या रक्षणासाठीच तो पैसा. त्यातून पोलिस ठाण्यांत महिला साहाय्य कक्ष उघडण्यासाठी 100 कोटी रुपये दिले गेले, दर ठाण्यामागे 1 लाख रुपये या हिशेबाने 10,000 ठाण्यांना. त्याच निधीतून मुंबई पोलिसांनी 2022 साली गाड्या घेतल्या, आणि त्यांतल्या काही गाड्या आमदार-खासदारांच्या बंदोबस्ताला लावल्याचे वृत्त त्याच वर्षीच्या डिसेंबरात छापून आले. लेकीबाळींच्या नावाने घेतलेली गाडी पुढाऱ्याच्या मागे धावते! तेव्हा तुम्ही ठाण्यात गेलात म्हणजे विचारा, आमच्या बायकांसाठीचा कक्ष कोठे आहे? तेथे बाई अंमलदार बसते काय? विचारण्यास पैसा पडत नाही.

आता दुसरी थैली. आजच्या भाषणाचे खरे कारण ती आहे.

पूर्वी न्यायाची रीत अशी होती की चोराला, खुन्याला सरकारने शिक्षा करावी, आणि ज्याचे गेले त्याने रडत घरी जावे. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालायचा. ज्याचा हात तुटला तो केवळ साक्षीदार. दंड झालाच तर त्यातून काही द्यावे अशी जुनी तरतूद होती, परंतु आरोपी फटिंग निघाला किंवा सापडलाच नाही तर काहीच नाही. महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या अस्पृश्य बांधवांना लाठ्याकाठ्यांनी मारले. डोकी फुटली, बायकापोरेही सुटली नाहीत. पुढे मारणाऱ्यांपैकी काहींना शिक्षा झाल्या. परंतु ज्यांची डोकी फुटली त्यांची मजुरी बुडाली, ती कोणी भरून दिली? खजिन्यातून तशी भरपाई देण्याची योजनाच त्या काळी नव्हती.

जगात हा विचार पुढे हळूहळू आला. 1963 साली न्यूझीलंडने कायदा केला की गुन्ह्याने जखमी झालेल्याला सरकारने भरपाई द्यावी. 1964 साली विलायतेत तशी योजना झाली. अमेरिकेने 1984 साली कायदा करून गुन्हेगारांकडून वसूल झालेल्या दंडाचाच निधी केला आणि त्यातून पीडितांची सोय लावली. 1985 साली संयुक्त राष्ट्रांनी पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा केला. आपल्या देशात 2009 साली फौजदारी कायद्यात नवे कलम घातले गेले, ते असे की प्रत्येक राज्याने पीडितांच्या भरपाईसाठी निधी ठेवावा. आता 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या 396 व्या कलमात तीच तरतूद कायम आहे.

या कलमातली मेख ध्यानात ठेवा. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताला वा त्याच्या वारसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हे प्राधिकरण आपल्या जिल्ह्यासाठी अलिबागला जिल्हा न्यायालयात आहे. त्याने दोन महिन्यांत चौकशी पुरी करून भरपाई ठरवावयाची. मध्यंतरी औषधपाण्याची तातडी असेल तर ठाण्याच्या मुख्य अंमलदाराच्या वा मॅजिस्ट्रेटच्या दाखल्यावर तात्पुरती मदतही देता येते. बलात्काराने वा ॲसिड हल्ल्याने पीडलेल्यांवर सरकारी असो की खाजगी, प्रत्येक इस्पितळाने फुकट उपचार केलेच पाहिजेत. नाकारणे हा गुन्हा आहे. डॉक्टर ‘आधी पैसे भरा’ म्हणाला तर त्याला हे सांगा.

याखेरीज महाराष्ट्र सरकारने 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना चालविली आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला या गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी ती आहे. आरंभी तिची मर्यादा 3 लाख रुपये होती, 2017 साली ती 10 लाखांपर्यंत वाढली. रकमेचा मोठा भाग पीडितेच्या नावे मुदत ठेवीत ठेवतात, तो एका दृष्टीने बरा, नाही तर घरातला दारुडा तो पंधरा दिवसांत संपवील. पैशाबरोबर समुपदेशन, निवारा यांचीही सोय सांगितलेली आहे, आणि त्यासाठी ‘सखी’ नावाची केंद्रे निर्भया निधीतूनच चालतात.

आमचे कातकरी, ठाकर, महादेव कोळी, महार, चांभार, मांग बांधव येथे आहेत, त्यांनी विशेष ऐकावे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, गुन्हा करणारा अनुसूचित जातीजमातीबाहेरचा असेल तर, 2016 च्या दुरुस्त नियमांप्रमाणे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 85,000 पासून 8,25,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ते टप्प्याटप्प्याने मिळते. काही भाग फिर्याद नोंदताच, काही दोषारोपपत्र कोर्टात जाताच, उरलेला निकालानंतर. पहिले साहाय्य सात दिवसांच्या आत द्यावे असा नियम आहे. साक्षीला जाण्याचे गाडीभाडे व बुडालेली मजुरी हीही मागता येते. खून झाला असेल तर विधवेला वा वारसाला दरमहा निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. हा खर्च केंद्र व राज्य मिळून सोसतात. आणि वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर उचल देऊन ज्यांना बांधून ठेवले आहे, ज्यांना सुटून जाऊ देत नाहीत, त्यांच्यासाठी 1976 चा वेठबिगार कायदा आहे आणि 2016 पासून पुनर्वसनाचे 1 लाखापासून 3 लाखांपर्यंत साहाय्य आहे. त्यासाठी प्रांताकडून वा कलेक्टरकडून मुक्तीचा दाखला घ्यावा लागतो.

आणखी एक. मुंबई-गोवा रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो. पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड या टापूत सायकलवाल्याला, पायी जाणाऱ्याला गाडी उडवून पळून जाते. नंबर कोणी पाहिलेला नसतो, म्हणून घरचे लोक कपाळाला हात लावून बसतात. परंतु 1 एप्रिल 2022 पासून असा नियम आहे की पळून गेलेल्या गाडीने माणूस मेला तर वारसाला 2 लाख आणि जबर जखमी झाला तर 50,000 रुपये मिळावेत. अर्ज तहसील वा प्रांत कचेरीत द्यावयाचा. पूर्वी ही रक्कम 25,000 व 12,500 एवढीच होती. गाडी सापडली नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही.

एवढे सगळे कागदावर आहे. मग ते आपल्या झोपडीपर्यंत का येत नाही?

कारकुनांची दिरंगाई हे एक कारण आहेच. अर्ज टेबलावर पडून राहतो, हेलपाटे पडतात, एका हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी जाते. त्याचा इलाज पुढे सांगतो. परंतु त्याहून मोठे कारण आपल्याच गावात आहे, आणि ते बोलण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत. या सगळ्या पैशाच्या वाटेवर एकच दरवाजा आहे, त्याचे नाव प्रथम खबर, म्हणजे ठाण्यात नोंदलेली फिर्याद. आणि त्या दरवाजाला कुलूप घालते ती आपली गावकी!

कसे ते पाहा. समजा एखाद्या गरिबाच्या मुलीवर बड्या घरच्या पोराने हात टाकला. बाप ठाण्याकडे निघाला की चार पंच त्याला वाटेत गाठतात. म्हणतात, “अरे, गावची अब्रू जाईल. मुलीचे लग्न व्हायचे आहे. आपण देवळात बसून मिटवू.” मग बैठक होते. आरोपीला नारळ आणि दंड. दंडाचा पैसा जातो कोठे? गावकीच्या पेटीत, पालखीच्या खर्चात, नाही तर सरळ जेवणावळीत. मुलीच्या हातात काय पडते? बदनामी. ज्या दिवशी बापाने त्या बैठकीत मान डोलावली त्या दिवशी सरकारी खजिन्यातली तिची भरपाई, फुकट औषध, फुकट वकील, साक्षीचे संरक्षण, सगळ्यांवर पाणी पडले. कारण फिर्यादच नाही, तर अर्जाला जोडणार काय? पंचांनी तिची फिर्याद मिटविली नाही, तिचा हक्क विकला, आणि विकून आलेल्या पैशाची जिलेबी खाल्ली.

आणि बाप जर ऐकला नाही, तर पुढचे हत्यार तयारच असते. घर वाळीत. त्याच्याकडे आगपेटी मागायची नाही, त्याला विहिरीवर येऊ द्यायचे नाही, दुकानदाराने मीठ द्यायचे नाही, त्याच्या घरी मयत झाले तर खांदा द्यायचा नाही. बोलेल त्याला दंड. आपल्या रायगड जिल्ह्याची कीर्ती या बाबतीत सर्व महाराष्ट्रात झाली आहे. 2013 ते 2015 या सालांत वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी या किनारपट्टीवरून आल्या की मुंबईच्या वृत्तपत्रांनी त्यांचे रकाने भरले.

मुंबई सरकारने 1949 साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. तो 1962 साली सुप्रीम कोर्टाने रद्द ठरविला. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षे महाराष्ट्रात या पापाला स्वतंत्र कायदाच नव्हता. अखेर 13 एप्रिल 2016 रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमताने संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 पासून तो अंमलात आला. वाळीत टाकणाराला तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे ज्या दंडावर पूर्वी गावकी जेवत होती, तो आता ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरी जावा, असे कायदा म्हणतो. देवळातल्या न्यायाहून हा न्याय बरा नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल, “गुरुजी, तुम्ही बहुजनांचे म्हणविता आणि बहुजनांच्याच गावकीवर तुटून पडता?” आमचे उत्तर असे. बहिष्काराचे शस्त्र घडविले कोणी? ज्यांनी धर्माच्या नावाने माणसाला माणसापासून तोडले त्यांनी. 1849 साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले ते याच शस्त्राच्या धाकामुळे. शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकविले एवढाच त्यांचा गुन्हा. ते शस्त्र आज आपल्याच भावाच्या मानेवर आपण ठेवतो. भटजी गेला तरी भटजीची वृत्ती आपल्या ओटीवर पाट मांडून बसली आहे. तिला हाकलल्यावाचून ब्राह्मणेतर म्हणवून घेण्यात काय अर्थ?

गावाची एकी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. याच जिल्ह्यात, अलिबागेजवळच्या चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली 1933 पासून 1939 पर्यंत शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. पंचवीस गावे उपाशी राहिली, लाकडे फोडली, कंदमुळे खाल्ली, परंतु खोतापुढे वाकली नाहीत. तीही गावाची एकीच होती. ती एकी बलवंताविरुद्ध होती, म्हणून तिची कीर्ती झाली. एका विधवेला, एका कातकऱ्याला, एका प्रेमविवाह केलेल्या जोडप्याला कोंडण्यासाठी सारे गाव एक होते, तेव्हा त्या एकीला लांडग्यांची टोळी म्हणतात.

तंटा गावात मिटवू नये काय? बांध कोरला, शेळीने भाजी खाल्ली, जाळ्याची वाटणी चुकली, भाऊबंदांत बोलाचाली झाली, असे तंटे गावात खुशाल मिटवा. कोर्टात गेलात तर वकिलाचे घर भरेल. परंतु खून, बलात्कार, मुलांवर अत्याचार, जबर मारहाण, जातीवरून छळ, वाळीत टाकणे हे तंटे नव्हेत, हे गुन्हे आहेत. ते मिटविण्याचा अधिकार ना पंचांना, ना पाटलाला, ना पुढाऱ्याला. ही रेघ प्रत्येकाने आपल्या मनात पक्की ओढून ठेवावी.

दुसरी शंका बायका विचारतात, ती अशी की मुलीच्या अब्रूचे पैसे घेतले असे लोक म्हणतील. बायांनो, वादळात घर पडले म्हणून सरकारी मदत घेतलीत, तेव्हा घराची किंमत घेतली असे कोणी म्हणाले काय? मोडलेल्या पायाला प्लास्टर घालतो, तो पायाचा सौदा नव्हे. ही रक्कम मुलीने शाळा पुरी करावी, वस्ती बदलावी लागली तर बदलावी, चार दिवस कामावर न जाता उभे राहावे, यासाठी आहे. अब्रू गेली असेल तर ती ज्याने गुन्हा केला त्याची गेली. ज्याचे चोरीला गेले त्याने तोंड लपवावे आणि चोराने मिशीला पीळ द्यावा, हा उलटा न्याय आपण किती पिढ्या चालवायचा?

पैशासाठी लोक खोट्या फिर्यादी करतील, असे सुखवस्तू मंडळी म्हणतात. लबाड माणूस सर्वत्र असतो. म्हणून तर प्राधिकरणाकडे चौकशी आहे, वैद्यकीय दाखला आहे, कोर्ट आहे. खोटी नोट निघते म्हणून कोणी बाजार बंद करीत नाही.

आता करावे काय, ते सांगतो. अक्षरओळख असलेल्या पोरांनी लिहून घ्यावे.

गुन्हा घडताच 112 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. बाईसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हेही आहेत. कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ‘आमची हद्द नाही’ असे सांगून परत पाठविणे नव्या कायद्यात चालत नाही. अशा गुन्ह्यात बाईची जबानी बाई अंमलदाराने घ्यावयाची असते. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. अंमलदाराने नोंद घेण्याचे नाकारले तर तीच हकीकत लिहून टपालाने अलिबागला पोलिस अधीक्षकांकडे पाठवा. तरी न झाले तर मॅजिस्ट्रेटकडे जा. तपास कोठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवावे, असाही आता नियम आहे.

त्यानंतर विधी सेवा प्राधिकरण. तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते, तिचा फुकट क्रमांक 15100. बायका, मुले, अनुसूचित जातीजमातीचे लोक व अपंग यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, आणि ठराविक उत्पन्नाच्या आतल्या इतर गरिबांनाही मिळतो. साक्षीदाराला धमक्या येत असतील तर 2018 पासून साक्षीदार संरक्षणाची योजना आहे, तिचा अर्जही तेथूनच करण्यास साहाय्य मागा.

कागद जपून ठेवा. फिर्यादीची नक्कल, इस्पितळाचा कागद, आधार, जातीचा दाखला, आणि पीडितेच्या स्वतःच्या नावाचे बँकेचे खाते. नवऱ्याच्या वा दिराच्या नावाचे नव्हे. आणि ‘मी पैसे काढून देतो, निम्मे मला’ असे म्हणणारा दलाल दारात आला तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. या कोणत्याही अर्जाला फी नाही. अर्ज लिहून देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शाळा सुटल्यावर कोणत्याही दिवशी यावे. कागद आणि शाई आमची.

दिरंगाईचा इलाज माहितीचा अधिकार हा आहे. 2005 च्या त्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर कोणालाही विचारता येते की आपल्या तालुक्यातून भरपाईचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत, ठाण्याला आलेले अनुदान कशावर खर्च झाले. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते दहा रुपयेही पडत नाहीत. एका गावाने असा अर्ज केला तर कारकून चिडेल. वीस गावांनी केला तर तो कामाला लागेल.

शेवटची विनंती पंचमंडळींना. तुम्ही आज पुढे बसला आहात, आमचे बोलणे तुम्हांला बोचले असेल. परंतु तुम्ही दुष्ट आहात म्हणून आम्ही बोललो नाही. बापजाद्यांची रीत तुम्ही चालवीत आला आहात, ती रीत आता कायद्याने गुन्हा झाली आहे आणि माणुसकीने तर ती कधीच शोभत नव्हती. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तुम्हीच उठून ठराव मांडा. या गावात कोणालाही वाळीत टाकले जाणार नाही. गुन्ह्याची मिटवामिटव गावकी करणार नाही. पीडित माणसाबरोबर ठाण्यापर्यंत गावची दोन माणसे, त्यांत एक बाई, जातील. आणि हे क्रमांक चावडीवर व शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहिले जातील. भिंतीला लागणारा रंग आमच्या शाळेतली पोरे लावतील.

पंचांनी ठराव मांडला तर गावाची अब्रू वाढेल. त्यांनी मांडला नाही, तर बायांनो, तुम्ही मांडा. ग्रामसभेत तुमचे मतही एकच मोजतात आणि पंचांचेही एकच.

सत्यमेव जयते.